त्या कामातला साधारण माणूस

साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली तेव्हा ती कुणासाठी, हे बघायला धाकट्यांनी आधी मागे वळून पाहिलं.

कारखान्यात उभा जन्म गेला, पण या केबिनमध्ये त्यांना कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. बोलावणं यायचं, उभ्या उभ्या दोन शब्द ऐकायचे आणि आपल्या टेबलाशी परत जायचं. त्यात एक सोय होती. उभ्यानं सुरू झालेलं उभ्यानंच संपायचं. खुर्ची मिळाली म्हणजे प्रकरण लांबणार.

"बसा ना, धाकटे. चहा?"

"झालाय, साहेब."

"अर्धा घ्या हो."

चहा आला तो बशीसकट. बशी पाहून धाकटे खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

त्यांना धाकटे म्हणायचे ते थोरल्यांमुळे. दोघे भाऊ याच कारखान्यात. इथं लोखंडी कपाटं व्हायची. थोरले रंगाच्या भट्टीवर, धाकटे टचपला. भट्टीतून रंग पक्का होऊन निघालेली कपाटं उचलताना, ठेवताना, कुणाच्या पट्ट्याचं बक्कल लागून खरवडायची. त्या ओरखड्यांवर रंग लावून ते नाहीसे करायचे, ते टचप. थोरले अकाली गेले. धाकट्यांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी त्यांचं नाव काही वयात आलं नाही.

खिडकीशी एक वकीलबाई बसल्या होत्या. वयानं धाकट्यांच्या मुलीएवढ्या, आवाज लोण्यासारखा.

"तुमच्या वहिनींनी पेटंटसाठी अर्ज केलाय, माहीत असेलच," साहेब म्हणाले. "त्या जिभेसाठी."

"माहितीय."

"त्या म्हणतात, ती त्यांनी शोधून काढली."

"त्यांनीच काढलीय, साहेब. माझ्या शेजारच्या टेबलावर."

"काढली हो! नाही कोण म्हणतंय?" साहेब असे हसले की धाकट्यांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो.

वकीलबाई पुढे वाकल्या. "काका, कुणी काढली हा प्रश्नच नाहीये. प्रश्न असा, की त्यात काढण्यासारखं होतं काय? कायदा एवढंच विचारतो, की त्या कामातल्या साधारण माणसाला हे सहज सुचलं असतं का. सुचलं असतं, तर त्यावर कुणा एकाचा हक्क नाही. मग ते सगळ्यांचंच."

"आणि तो साधारण माणूस कोण?"

वकीलबाईंनी इतक्या मायेनं त्यांच्याकडे पाहिलं, की उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. सुनावणीला यायचं आणि विचारलं की हो म्हणायचं. मलाही सुचलं असतं, एवढंच."

धाकट्यांनी चहाचा घोट घेतला. साहेबांनी टेबलावरचा कागददाब उगाच इकडचा तिकडे केला. "आणि हे बघा, टचपचं खातं आपण जरा आटोपशीर करतोय. आतली गोष्ट सांगतो. पण एखादा जुना माणूस लागेलच आपल्याला."

साहेब "लागेलच" म्हणाले, पण कोण लागेल ते म्हणाले नाहीत.

*

जिभेचं सांगायलाच हवं, म्हणजे पुढचं सोपं होईल.

ओरखड्यावर ब्रशनं रंग भरला की मधे बसतो, पण कडेला थोडा सांडतो. वाळला की त्या कडा उठून येतात. लांबून दिसत नाही, पण गिऱ्हाईक काय लांबून बघतं? बोटाचं नख फिरवतं आणि म्हणतं, हे कपाट दुरुस्त केलेलं आहे. मग कपाट परत. धाकटे सगळा जन्म त्या कडा चिंधीनं टिपत आले. चिंधी जास्त लागली तर भरलेला रंगही निघून यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

थोरले गेल्यावर धाकट्यांनीच साहेबांचे पाय धरून वहिनींना शेजारच्या टेबलावर लावलं. ब्रश कसा धरायचा, पांढऱ्यात पिवळा किती घालायचा म्हणजे जुन्या पांढऱ्याशी जमतं, सगळं त्यांनीच शिकवलं. वहिनी मुकाट शिकल्या. सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणू लागला, भट्टीवरचे त्यांच्याहून वयानं मोठे कारागीरसुद्धा.

आणि एके दिवशी वहिनींनी डब्यातून एक बाटली काढली. छोटी, प्लॅस्टिकची, दाबली की दबणारी. तोंडाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा घट्ट बसवलेला, आणि त्याच्या मागे, जरा तिरपा, दुसरा कोरडा तुकडा. ओरखड्यावर टेकवून ओढली, की पुढचा तुकडा रंग द्यायचा आणि मागचा कडेला सांडलेला ओढून घ्यायचा. एकच हात. कडा नाही, चिंधी नाही. धाकट्यांनी नख फिरवून पाहिलं. मग डोळे मिटून फिरवून पाहिलं. ओरखडा सापडेना.

"हे कुठून आणलंत, वहिनी?"

"नातीला भरवत होते," वहिनी म्हणाल्या. "तोंडात घास घातला की अर्धा हनुवटीवर येतो. मग त्याच चमच्यानं आपण तो ओढून पुन्हा आत नाही का ढकलत? म्हटलं, कपाटाचंही तसंच करावं."

कपाटं ट्रकवर चढवणाऱ्या लोडिंगवाल्यांनी तिचं नाव ठेवलं जीभ, कारण ती चाटते. कंपनीनं तशाच पुष्कळ करवून घेतल्या आणि त्यांना अॅप्लिकेटर म्हणायला सुरुवात केली. पुढे कळलं, की कंपनी ती रंगाच्या डबीबरोबर बाजारातही विकणार आहे. वहिनींना कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा त्यांनी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांना गाठून अर्ज केला. वकील कानानं कमी होते, पण बाकी हुशार होते असं वहिनी म्हणायच्या. कंपनीनं हरकत घेतली.

*

केबिनमधून परत आल्यावर धाकटे टेबलाशी उभे राहिले. शेजारी वहिनी एका दारावर वाकल्या होत्या.

"खुर्ची दिली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शर्ट मागून चुरगळलाय."

धाकट्यांनी शर्ट मागून ओढून सरळ केला. वहिनींनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून दोन टेबलांमधलं बोलणं कामापुरतं उरलं. थिनर द्या. दार उलटं करा. पूर्वी वहिनी कामात पुटपुटायच्या, रंगाला शिव्या द्यायच्या, बिजागरीमागच्या खाचेत जीभ शिरली नाही की "मेलीला तेवढं जमत नाही" म्हणून कुरकुरायच्या. तेही थांबलं.

मग एक अनोळखी माणूस मापाची टेप घेऊन आला. त्यानं टचपच्या खात्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, धाकट्यांना जरा पाय उचला म्हणाला आणि त्यांच्या बुटाखालून टेप सरकवली. कुणासाठी मोजतोय ते सांगितलं नाही. मुकादम, जो रोज त्यांच्याकडून तंबाखू मागून घ्यायचा, तो आता आपली तंबाखू आणू लागला. लोडिंगवाल्यांना एकेक जीभ वाटली गेली. सहज, वापरून बघायला.

"काय रे, तुमचं काय काम जिभेशी?" धाकट्यांनी एकाला विचारलं.

"साहेब म्हणाले, चढवताना दिसला ओरखडा तर तुम्हीच पुसा."

"येतं तुला?"

"त्यात काय यायचंय, धाकटे? ओढायची नुसती."

धाकट्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. तो काही वाईट बोलला नव्हता.

*

घरी बायकोला सगळं ठाऊक झालं होतं. अशा बातम्या तिच्याकडे नवऱ्याच्या आधी पोचायच्या.

"काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय? विचारतील ते सांगायचं."

"खरं काय ते सांगा," बायको म्हणाली. "पण नोकरीत राहून सांगा."

"असं कसं जमेल?"

"ते मला काय माहीत? तुमची जीभ, तुम्ही सांभाळा." मग तिलाच हसू आलं आणि लगेच गेलं. "जाऊबाईंचं नाव झालं तर मला काय वाईट वाटणारेय? थोडं वाटेल. पण चालेल. तुमचं टेबल गेलं तर मात्र आपण दोघं दिवसभर या खोलीत एकमेकांकडे बघत बसणार, हे लक्षात ठेवा. तुम्हाला तरी सहन होईल का?"

सुनावणीत काय बोलायचं त्याची तालीम केबिनमध्येच व्हायची, खुर्चीत बसून. वकीलबाई प्रश्न विचारायच्या. कधी रागावल्या नाहीत, कधी घाई केली नाही.

"शाईचा मार्कर पाहिलाय, काका?"

"हो."

"बुटाच्या पॉलिशची ती स्पंजवाली बाटली?"

"आहे घरात."

"मग एक देतं, एक पुसतं. दोन्ही एकत्र केलं की झाली जीभ. सुचलं असतं ना?"

पहिल्या दिवशी धाकट्यांनी "हो" म्हणायच्या आधी पाणी मागितलं. दुसऱ्या खेपेला जरा बरं निघालं. आणि मग हळूहळू, हे त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही, त्यांना ते खरंच वाटायला लागलं. बरोबरच तर आहे. आपण नाही का एकदा ब्रशच्या मागच्या टोकाला चिंधी गुंडाळली होती? गुंडाळली होती. कशासाठी, ते आठवत नव्हतं. बहुधा दांडा घसरत होता म्हणून. पण गुंडाळली होती! म्हणजे गोष्ट आपल्या हाताशी आलीच होती. मधे एखादा आठवडा गेला असता, एखादं भांडण कमी झालं असतं, तर आपल्यालाच सुचलं असतं. वहिनींनी फक्त आधी हात पुढे केला. आणि त्यांना ब्रश धरायला शिकवलं कुणी?

कोडं सुटलेलं दिसलं की प्रत्येकाला ते आपणच सोडवत आणलं होतं असं वाटतं. धाकट्यांचंही तसंच झालं, त्यात त्यांचा फार दोष नाही. पण टेबलाशी उभं असताना वहिनींचा हात दारावरून सरकन फिरला की आता त्यांना कौतुक वाटत नसे. दातात काहीतरी अडकल्यासारखं वाटे. आपल्याच भावाच्या बायकोवर आपण असे का जळतोय, हे त्यांना कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

सुनावणीच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपण हे पक्कंच करून टाकू. मनात काही उरायला नको. बिजागरीमागच्या खाचेत जीभ शिरत नाही ना? ते वहिनींनाही जमलेलं नाही. मग तेच आपण काढू. ज्याला जीभ सुचली असती त्याला पुढचं सुचायला काय हरकत आहे?

घरात कारखान्याचंच एक जुनं कपाट होतं. सकाळी धाकटे त्याचं दार उघडून, समोर पाट टाकून बसले. शेजारी ब्रश, मार्कर, पॉलिशची बाटली, चिंध्या, तार, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला नमदा. खिळ्यानं खाचेत एक ओरखडा स्वतःच पाडला.

"घरचं कपाट कशाला खरवडताय?" बायको म्हणाली.

"विचार करतोय."

"बरं," असं म्हणून ती बाहेर गेली, कारण हे तिनं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

धाकटे बसले. खाचेकडे बघत राहिले. ब्रश घातला, काढला. तार वाकवली, सरळ केली. मग वाटलं, वस्तूंकडे नको बघायला, डोळे मिटून बसावं. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. म्हणजे अंधारसुद्धा नीट नव्हता, पुसलेल्या पाटीसारखं मळकट काहीतरी. त्यांनी जोर लावला. कपाळ दुखायला लागलं. बाहेर कुणीतरी बादली आपटली, त्याकडे मन गेलं, परत आणलं. वहिनींचं असं काय होत असेल? घास, चमचा, हनुवटी, आणि मग एकदम कपाट? मधलं अंतर त्या कशा ओलांडतात? आपण तर खाच बघितली की खाचच बघतो. नातवंडं धाकट्यांनाही होती, त्यांनीही भरवलं होतं. सांडलं की बायकोला हाक मारली होती.

बायको परत आली, जेवायला वाढलं, भांडी घासली. उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत कपाटावर आला आणि कपाटावरून उतरला. धाकटे तसेच. त्यांना आता भीती वाटत होती, आणि ती नोकरीची नव्हती. या डोक्यात आजवर कधी काही आलंच नाही की काय? सांगितलेलं केलं, शिकवलेलं केलं, शिकवलंही. रंग जुळवला तो दुसऱ्यानं आधी ठरवलेल्या रंगाशी. स्वतःहून आलेली एक गोष्ट आठवावी म्हणून ते माघारी माघारी जात राहिले, अगदी शाळेपर्यंत गेले, आणि तिथूनही रिकाम्या हातांनी परत आले.

"अहो," बायको दारातून म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "बरं वाटत नाहीये का? असे का बसलात?"

"काही नाही," धाकटे म्हणाले. आणि ते खरंच होतं.

*

सुनावणीची खोली पेटंट कचेरीच्या वरच्या मजल्यावर, लांबट. एका टोकाला अधिकारी, चष्मा कपाळावर चढवलेला. एका बाजूला साहेब आणि वकीलबाई, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि त्यांचे म्हातारे वकील, हात कानामागे धरून. धाकट्यांना साहेबांच्या बाजूला बसवलं होतं. वहिनींनी कारखान्यात जाताना नेसायच्या त्याच साड्यांपैकी एक नेसली होती, फक्त इस्त्री केलेली.

आधी वहिनींना विचारलं. त्यांनी घास, चमचा, हनुवटी सगळं सांगितलं.

"म्हणजे हे तर प्रत्येक आई करते," वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या. "यात नवीन काय?"

"करते ना," वहिनी म्हणाल्या. "पण कपाटाला कुणी भरवलं नव्हतं."

अधिकाऱ्यांच्या ओठाचा कोपरा हलला. वकीलबाईही हसल्या आणि त्यांनी एक जुना कागद पुढे सरकवला. कुठल्याशा लांबच्या देशात कुणीतरी कधीकाळी बुटांसाठी दोन स्पंजांची बाटली काढल्याचं त्यात चित्र होतं. वहिनींनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या. "पण मी हे कुठे बघणार?"

"काय म्हणाल्या?" त्यांच्या वकिलांनी विचारलं.

"छान आहे म्हटलं," वहिनी जरा मोठ्यानं म्हणाल्या.

मग धाकट्यांची पाळी आली. प्रश्न तालमीतल्यासारखेच, त्याच क्रमानं. कडा उठतात हे माहीत होतं? रोज. मार्कर? हो. बाटली? घरात आहे. साहेब मान हलवत होते, मुलगा पाढे बरोबर म्हणतोय तसे.

"मग हे दोन्ही एकत्र करणं तुम्हाला सहज सुचलं असतं. बरोबर ना, काका?"

एकच शब्द हवा होता. तो तयार होता, दातांच्या मागेच होता.

"बाई, मी बसून बघितलं," धाकटे म्हणाले.

"काय?"

"सुचतं का ते. सुट्टीच्या दिवशी. खाचेत ती जीभ जात नाही, म्हटलं निदान ते तरी आपण काढू. सकाळी बसलो ते दिवस मावळेपर्यंत. सगळं समोर होतं, मार्कर, बाटली, तार. काही आलं नाही."

"काका, तो वेगळा प्रश्न..."

"नाही, तोच आहे. ते सगळं माझ्यासमोर आधीपासूनच होतं की. बाटली घरात, मार्कर टेबलावर, कडा डोळ्यापुढे. सुचायचं तेवढं नव्हतं. वहिनींना मीच शिकवलं, पण मला नसतं सुचलं." ते थांबले. मग कुणी विचारलं नसताना म्हणाले, "कधीच नसतं सुचलं."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. वकीलबाईंचा आवाज अजिबात चढला नाही, उलट आणखी मऊ झाला, आणि त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमची समज त्या कामातल्या साधारण माणसापेक्षा कमी आहे, असं आम्ही धरायचं का?"

वहिनींनी मान वर केली. धाकट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"धरा," ते म्हणाले.

वकीलबाई अधिकाऱ्यांकडे वळल्या. साक्षीदार ती पातळीच गाठत नाही, तेव्हा त्याचं मत बाजूला ठेवावं. अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि धाकट्यांकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"हे बघा," ते म्हणाले, "कायद्यातला हा साधारण माणूस जरा निराळा असतो. त्या विषयावर जगात जे जे छापलंय ते सगळं त्यानं वाचलेलं असतं. फक्त त्याला स्वतःचं असं काही सुचत नाही."

"असा माणूस असतो, साहेब?"

"नसतो. मानायचा असतो."

धाकट्यांनी मान डोलावली. दुसरा अर्धा भाग आपल्याला लागू होतो, असं त्यांच्या मनात आलं, पण आजच्यापुरतं पुष्कळ बोलून झालं होतं.

जिन्यात वहिनींनी त्यांना गाठलं. संतापल्या होत्या. इतक्या दिवसांत कामाखेरीज पहिल्यांदाच बोलत होत्या.

"काय गरज होती, भावोजी? स्वतःला असं कमी म्हणवून घ्यायची?"

"खरं होतं ते."

"खरं होतं म्हणून तर विचारतेय! खोटं असतं तर मी हसले असते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "उद्या तुमचं काय होईल ते कळतंय का?"

"कळतंय."

"आणि त्याचा उपयोग होईल असं वाटतंय?"

धाकट्यांनी विचार करून पाहिला. "तुमचे वकील काय म्हणतात?"

"त्यांनी तुमचं काही ऐकलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणाले, तुमचे दीर फार हळू बोलतात."

*

निकाल आला तो कंपनीच्या बाजूनं. दोन स्पंजांची ती परदेशी बाटली आणि शाईचा मार्कर ज्याला माहीत आहे अशा साधारण माणसाला जीभ सहज सुचली असती, असं त्यात लिहिलं होतं. धाकट्यांबद्दल एकच ओळ होती: साक्षीदाराचं म्हणणं विचारात घेतलेलं नाही. वहिनींनी ती जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवली.

"म्हणजे मी बोललोच नाही," धाकटे म्हणाले.

"त्यांनी नाही घेतलं, नाही तर नाही," वहिनी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "मला ऐकू आलं होतं."

त्यानंतर सगळं फार भराभर झालं, म्हणजे ते आधीच ठरलेलं असणार. टचप आता प्रत्येक लोडिंगवाल्याच्या खिशात होतं. ज्या कामात साधारण माणसाला सगळं सहज सुचतं, त्याला वेगळं खातं कशाला लागतं? वहिनींना आधी लोडिंगवाल्यांना शिकवायला सांगितलं. त्यांनी नीट शिकवलं, हात धरधरून, किती दाबायचं, कुठे थांबायचं. हातचं राखून शिकवणं त्यांना येतच नव्हतं. मग त्यांना सांगितलं की या महिन्याअखेर पुरे. धाकट्यांना खोक्यांच्या शेडमध्ये चिकटपट्टी लावायला पाठवलं, तूर्त. तूर्त म्हणजे किती, हे विचारायला गेले तर मुकादम म्हणाला, "तूर्त म्हणजे तूर्त हो, धाकटे," आणि दुसरीकडे निघून गेला.

वहिनींच्या शेवटच्या दिवशीच टेबलं काढली. लोडिंगवाल्यांनी दोन्ही टेबलं उचलून बाहेर नेली तेव्हा धाकटे चिकटपट्टीचं रीळ हातात तसंच घेऊन शेडमधून आले होते. वहिनी त्यांचं सामान पिशवीत भरत होत्या, एप्रन, कप, हात पुसायचा टॉवेल.

"अगं बाई," त्या एकदम म्हणाल्या. "हे बघितलंत का?"

टेबलांखालचा, पायांखालचा कोबा कुणी कधी पाहिलाच नव्हता. सबंध जमिनीवर रंगाचे थेंब होते. पांढरा, राखाडी, कंपनीनं एकदाच काढलेला आणि कुणी न घेतलेला तो गुलाबी, थोरले भट्टीवर असतानाचा हिरवा. थेंबावर थेंब, बोट ठेवायला जागा नाही. आणि त्यात चार ठिकाणी कोबा जसाच्या तसा स्वच्छ. दोन इथं, दोन तिथं. पावलांएवढे तुकडे.

"आपण उभे राहायचो तिथं," धाकटे म्हणाले.

"ते कळलं मला. तुमचे बघा ना, केवढे फेंगडे! एक पाऊल बाजाराकडे, एक घराकडे." वहिनी हसायला लागल्या. मग धाकटेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे दोघांनाही जरा खोकला आला.

एक लोडिंगवाला थिनरची बादली आणि ताठ केसांचा झाडू घेऊन आला. त्या जागेवर उद्यापासून तयार कपाटं उभी राहणार होती, साहेबांनी कोबा घासून लख्ख करायला सांगितला होता.

"वहिनी, जरा बाजूला होता?"

"थांब रे," वहिनी म्हणाल्या. "पिशवी भरू दे एवढी."

त्या आपल्या दोन स्वच्छ जागांवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि टॉवेल झटकून, सावकाश, चारी कोपरे जुळवत घडी करू लागल्या. धाकटे त्यांच्या शेजारी आपल्या जागेवर उभे राहिले. लोडिंगवाल्यानं बादली खाली ठेवली आणि झाडूवर टेकून तो वाट पाहत राहिला.